कुंपणात वीज कोणी सोडली?

“कम्युनिस्ट म्हणजे नास्तिक. नास्तिक म्हणजे दीनचा दुश्मन. त्यापेक्षा अमेरिकावाले बरे, ते निदान अहले-किताब तरी आहेत.”

वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या मुलांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की बोलणाऱ्यानं तोंड उघडलं की पुढचं मला पाठ असतं. कधी कॉलेजच्या कट्ट्यावर, कधी जुम्म्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर, कधी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एखाद्या व्हिडिओच्या निमित्तानं. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांची आयुष्यात एकाही कम्युनिस्टाशी गाठ पडलेली नसते. तरी सूर असा, की हे वाक्य त्यांना बाप-आज्याकडून वारशानं मिळालं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य तुमच्या बाप-आज्याचं नाही. त्याला जन्मसाल आहे, जन्मगाव आहे. १९४६-४७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जे परराष्ट्र धोरण आकाराला आलं, त्या धोरणाच्या गरजेतून ते घडलं आणि जगभरच्या मुसलमानांच्या तोंडी बसवलं गेलं. बसवणाऱ्यांना आपल्या दीनशी काही देणंघेणं नव्हतं. किंमत मात्र आपण मोजली, आणि अजून मोजतो आहोत. या धोरणाची एक वाट आपल्या वर्ध्यातून, पवनारच्या धाम नदीकाठावरून गेलेली आहे. तीही पाहू.

आपल्या आज्यांना हे वैर ठाऊक नव्हतं

डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला भारतातल्या कम्युनिस्टांची पहिली परिषद भरली. तिच्या स्वागत समितीचे अध्यक्ष कोण होते? मौलाना हसरत मोहानी. ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा देशाला देणारे, अनेकदा हजला जाऊन आलेले, गझलेतले उस्ताद, पुढे संविधान सभेचे सदस्य. नमाज आणि लाल झेंडा यांतलं एक सोडल्याशिवाय दुसरं धरता येत नाही, असं त्यांना कधी वाटलं नाही.

हैदराबादेत मखदूम मोहिउद्दीन होते. उर्दूचे मोठे शायर आणि तेलंगणातल्या कास्तकारांच्या लढ्याचे नेते. त्याच तेलंगणात शेख बंदगी नावाच्या एका साध्या शेतकऱ्यानं आपल्या जमिनीसाठी देशमुखाशी कोर्टात झुंज दिली आणि त्याचा खून झाला. त्याच्यासाठी रडणाऱ्या तेलुगू खेड्यांनी त्याची जात-धर्म विचारला नाही. आणि आपल्या मराठीत? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, ज्यांना सारा महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांच्या सोबतीनं लाल बावटा कलापथक घेऊन ते गिरणगावापासून खेड्यापर्यंत गायले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या आवाजानं सुरू होत.

ही माणसं बरोबर होती की चूक, यावर खुशाल वाद घाला. पण ती होती, आपली होती, आणि त्यांना कोणी कौमबाहेर काढलं नव्हतं. मग हे वैर आलं कुठून?

एक तार, एक आठवडा, एक भाषण

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि रशिया एकाच बाजूनं लढले. युद्ध संपलं आणि संशय सुरू झाला. २२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासातले अधिकारी जॉर्ज केनन यांनी वॉशिंग्टनला एक लांबलचक तार पाठवली. तिचा सारांश असा: सोव्हिएत सत्तेला स्वतःच्या असुरक्षिततेपोटी बाहेर शत्रू लागतो. ती गोडीगुलाबीनं बदलणार नाही, पण समोर खंबीरपणा दिसला तर मागे सरते. तेव्हा युद्ध नको आणि लोटांगणही नको. पुढच्या वर्षी, जुलै १९४७ मध्ये, ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकात त्यांनी हाच विचार पुढे नेला. लेखकाच्या नावाच्या जागी फक्त ‘एक्स’ हे अक्षर होतं. धीरानं, दीर्घकाळ, जिथे आहे तिथेच रोखून धरा. आतून ती सत्ता कधीतरी ढिली पडेल. साम्यवादाला रोखून धरण्याचं धोरण ते हे.

दरम्यान ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती. २० फेब्रुवारी १९४७ रोजी पंतप्रधान ॲटली यांनी जाहीर केलं, की जून १९४८ पर्यंत ब्रिटन भारत सोडेल. दुसऱ्याच दिवशी ब्रिटननं अमेरिकेला कळवलं, की ग्रीस आणि तुर्कस्तानला आता आम्ही पैसा पुरवू शकत नाही. ही दोन पत्रकं एकत्र ठेवून वाचा. एका साम्राज्याचा दुकान बंद करण्याचा आणि दुसऱ्याचा दुकान उघडण्याचा आठवडा एकच आहे. आपलं स्वातंत्र्य आणि शीतयुद्ध एकाच दिवाळखोरीतून निघाले.

१२ मार्च १९४७ रोजी अध्यक्ष ट्रुमन अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले आणि ग्रीस-तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. मागणी दोन देशांपुरती होती. पण पैसा मंजूर करून घ्यायचा तर माणसं घाबरायला हवीत. म्हणून भाषणात जगाचे दोन तुकडे पाडले गेले, एक स्वतंत्र लोकांचं आणि दुसरं दडपशाहीचं. प्रत्येक देशानं यांतलं एक निवडायचं. स्वतंत्र जगात ज्यांना जागा मिळाली, त्या ग्रीसचं सरकार स्वतःच्याच विरोधकांवर बंदूक चालवत होतं. आणि तुर्कस्तान हा या कुंपणाचा पहिला मुस्लिम खांब ठरला.

आमच्याकडे रोही आणि रानडुकरांपासून वावर राखायला कास्तकार कुंपण घालतो. त्याला झटका मशीन जोडतो. जनावराला झटका बसतो, ते घाबरून मागे फिरतं, मरत नाही. पण एखादा माणूस मशीन बाजूला ठेवून थेट खांबावरची वीज तारेत सोडतो. मग रात्री पंप सुरू करायला निघालेला शेजारी त्या तारेला चिकटून मरतो. विदर्भात अशा बातम्या दरवर्षी येतात.

केनन पुढे आयुष्यभर सांगत राहिले, की मला राजकीय रोख अभिप्रेत होता, जगभर फौजा आणि लष्करी करार नव्हे. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी तर १९४७ मध्येच इशारा दिला होता, की या धोरणासाठी अमेरिकेला दूरदूरच्या दुबळ्या आणि अंकित राजवटी पोसाव्या लागतील. कोणी ऐकलं नाही. एप्रिल १९५० मध्ये वॉशिंग्टनमध्ये एक गुप्त दस्तऐवज तयार झाला. त्यानं या धोरणाला पूर्ण लष्करी रूप दिलं. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि काही वर्षांत अमेरिकेचा लष्करी खर्च तिपटीहून जास्त झाला. कुंपणात थेट वीज आली ती इथे.

आणि देवाला खांब केलं

या कुंपणासाठी पैसा आणि बंदूक पुरेशी नव्हती. गरीब माणसाला कम्युनिस्ट सांगत होते, की जमीन कसणाऱ्याची. त्याला उत्तर काय द्यायचं? जमीन द्यायची नसेल, तर दुसरं काहीतरी द्यावं लागतं. अमेरिकेनं देव दिला.

आधी स्वतःच्या घरात. १९५४ मध्ये शाळेतल्या मुलांच्या राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत देवाचं नाव घातलं गेलं. १९५६ मध्ये देवावरच्या विश्वासाचं वाक्य देशाचं अधिकृत ब्रीद झालं. मग आपल्या घरात. सप्टेंबर १९५३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात इस्लामी संस्कृतीवर परिषद झाली. तिला आलेल्या मुस्लिम प्रतिनिधींना अध्यक्ष आयझेनहॉवर व्हाइट हाउसमध्ये भेटले, फोटो निघाले. त्यांत मुस्लिम ब्रदरहूडचे सईद रमजानही होते. १९५७ च्या सुरुवातीला सौदी अरेबियाचे बादशहा सौद वॉशिंग्टनला गेले, तेव्हा नासेरच्या तोडीस तोड मुस्लिम नेता म्हणून त्यांना उभं करता येईल का, याचा हिशेब तिथे चालू होता.

इथे थांबून विचार करा. नासेर कम्युनिस्ट होते का? त्यांनी इजिप्तच्या कम्युनिस्टांना तुरुंगात डांबलं होतं. नास्तिक होते का? तेही नाही. त्यांचा गुन्हा इतकाच, की सुएझ कालवा त्यांनी देशाच्या मालकीचा केला आणि कोणत्याही लष्करी गोटात जायला नकार दिला. कुंपण नास्तिकांविरुद्ध असतं, तर नासेर कुंपणाच्या आत असायला हवे होते.

पवनारहून पोचमपल्ली

आता आपल्या जिल्ह्याकडे. तेलंगणात १९४६ पासून कास्तकारांचा सशस्त्र लढा चालू होता, आधी निजाम आणि देशमुखांविरुद्ध, सप्टेंबर १९४८ नंतर भारतीय फौजेविरुद्ध. दहा लाख एकर जमीन वाटल्याचा पक्षाचा दावा होता. मार्च १९५१ मध्ये विनोबा वर्ध्याहून पायी निघाले, हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. संमेलन झाल्यावर ते तुरुंगात कम्युनिस्टांना भेटले आणि तेलंगणाच्या खेड्यांत चालत शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलितांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. गावातले जमीनदार वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी तिथेच १०० एकर देऊ केली. भूदान सुरू झालं.

विनोबांबद्दल माझ्या मनात आदर आहे. हा माणूस अरबी शिकला, मूळ कुरआन वाचला आणि त्याचं सार निवडून लोकांसमोर ठेवलं. पवनारच्या माणसानं केलेलं हे काम आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? आणि भूदानात त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता: जमीन कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही?

पण जगानं तो प्रश्न ऐकला का? मे १९५३ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकानं विनोबांना मुखपृष्ठावर घेतलं. चीन १९४९ मध्ये हातून गेला होता. भारत जाऊ नये, ही तिथली मोठी काळजी होती. राजदूत म्हणून आलेले चेस्टर बोल्स हे उघड बोलत. जानेवारी १९५२ मध्ये भारत-अमेरिका तांत्रिक सहकार्याचा करार झाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीला, त्या मदतीसह ५५ ठिकाणी सामुदायिक विकास प्रकल्प सुरू झाले. पंपहाउस, खत, ग्रामसेवक, सगळं आलं. जमिनीची मालकी जिथे होती तिथेच राहिली.

पाच कोटी एकरांचं उद्दिष्ट घेतलेल्या भूदानाला चाळीस लाख एकरांहून थोडी जास्त जमीन मिळाली. त्यातली बरीचशी खडकाळ, बरीचशी कधी वाटलीच गेली नाही. भूदान चळवळीतल्या हजारो प्रामाणिक कार्यकर्त्यांना मी यासाठी दोष देत नाही. पण कायद्यानं जमीन द्यायची वेळ टळावी म्हणून दानाचं कौतुक करणारे जमीनदार आणि त्यांना टाळ्या देणारे परदेशी, यांना मी दोष देतो.

कायद्याचा रस्ता उपलब्ध होता आणि तोही वर्ध्याच्याच माणसानं आखला होता. जे. सी. कुमारप्पा. मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थतज्ज्ञ, धर्मानं ख्रिस्ती. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीनं १९४९ मध्ये अहवाल दिला: मधले दलाल हटवा, जमीनधारणेवर कमाल मर्यादा घाला, कसणाऱ्याला हक्क द्या. १९५१ मध्ये पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळातून कुमारप्पा चीनला गेले, पुढच्या वर्षी रशियाला. तिथे जमीनसुधारणेचं जे चांगलं दिसलं ते त्यांनी येऊन लिहिलं. अमेरिकी मदतीवरच्या विकास योजनांवर कडक टीका केली. ते मार्क्सवादी नव्हते, हिंसा त्यांना अमान्य होती, येशू आणि गांधी हेच त्यांचे आधार होते. तरी त्यांच्याकडे ‘लाल’ म्हणून संशयानं पाहिलं गेलं. सेलू तालुक्यातल्या सेलडोहच्या त्यांच्या पन्नई आश्रमाचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

आपल्याला पदरात घेण्यासारखी गोष्ट मला कुमारप्पांत दिसते. देवावर पूर्ण श्रद्धा असलेला माणूस कुंपणाचा खांब व्हायला नकार देऊ शकतो.

वीज कोणाला लागली?

इराण. १९५१ मध्ये पंतप्रधान मोसाद्देक यांनी देशाचं तेल देशाच्या मालकीचं केलं. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी त्यांचं सरकार उलथवलं. कारण सांगितलं गेलं कम्युनिस्टांचा धोका. साठ वर्षांनी, २०१३ मध्ये, सीआयएच्याच कागदपत्रांतून आपला हात कबूल झाला.

पाकिस्तान. मे १९५४ मध्ये अमेरिकेशी शस्त्रमदतीचा करार झाला आणि जुलैत तिथल्या कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. फैज अहमद फैज आणि सज्जाद जहीर तर १९५१ पासूनच रावळपिंडी कटाच्या खटल्यात तुरुंगात होते. उर्दूचा सर्वांत लाडका शायर कोठडीत आणि जनरल लोक कुंपणावर पहारा द्यायला, ही त्या इस्लामी खांबाची अवस्था. त्याच पाकिस्तानात, पूर्वेकडे, मौलाना भाशानी यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये कागमारीला परिषद भरवून या लष्करी करारांना खुला विरोध केला. दाढी, लुंगी, टोपी, आणि भोवती कास्तकार. दीनची समज त्यांना जनरलांपेक्षा कमी होती का?

पाकिस्तानला दिलेली शस्त्रं भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, अशी हमी आयझेनहॉवर यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये नेहरूंना पत्र लिहून दिली होती. सप्टेंबर १९६५ मध्ये साम्यवाद रोखण्यासाठी दिलेले ते पॅटन रणगाडे खेमकरणला पंजाबच्या शेतांत घुसले. असल उत्तर गावाजवळ जीपवरच्या तोफेनं ते एकामागून एक फोडताना १० सप्टेंबरला एक हवालदार शहीद झाला. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा अब्दुल हमीद, परमवीर चक्र. आपण त्याचा फोटो दरवर्षी २६ जानेवारीला लावतो, ‘गद्दार’ म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून. यंदा फोटोखाली हेही लिहा, की ते रणगाडे तिथे आले कसे.

इंडोनेशिया. १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली गेली. लष्करासोबत धार्मिक तरुण संघटनाही मारायला उतरल्या. अमेरिकी दूतावासानं लष्कराला नावांच्या याद्या पुरवल्या. मारणारे मुसलमान, मरणारेही बहुतेक मुसलमान. उम्मतच्या नावानं अश्रू ढाळणाऱ्या किती व्हिडिओंत तुम्ही हा आकडा ऐकला?

अफगाणिस्तान. ३ जुलै १९७९ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी काबूलच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या बंडखोरांना गुप्त मदत मंजूर केली. सोव्हिएत फौजा घुसल्या त्या त्यानंतर, डिसेंबरात. पुढच्या दशकात अमेरिकी सरकारच्या पैशातून, नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहातल्या केंद्रानं अफगाण मुलांसाठी दरी आणि पश्तू पाठ्यपुस्तकं तयार केली. त्यांत मुलं बेरीज शिकत होती बंदुका आणि गोळ्या मोजून. ‘जिहाद’ हा आपला शब्द, नफ्साशी झगडण्यापासून जुलमाला भिडण्यापर्यंत अर्थ असलेला, अमेरिकी करदात्याच्या पैशानं पहिलीच्या पुस्तकात बंदूक होऊन छापला गेला. पुढे तोच शब्द आपल्याच तोंडावर फेकला गेला, विमानतळावर, पोलिस ठाण्यात, भाड्याचं घर शोधताना.

“पण रशियानं मशिदी बंद केल्या, त्याचं काय?”

केल्या. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं लबाडी ठरेल. स्टालिनच्या राजवटीत मध्य आशियात मशिदी आणि मदरसे बंद झाले, उलेमा मारले गेले. मे १९४४ मध्ये क्रिमियाच्या तातार मुसलमानांना अख्खी कौम म्हणून गाड्यांत कोंबून हद्दपार केलं गेलं. मुस्लिम कम्युनिस्ट सुलतान गालियेव यांना त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं १९४० मध्ये गोळ्या घातल्या. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजेनं गावंच्या गावं उद्ध्वस्त केली. आज चीन उइगरांशी जे करतो आहे ते जुलूमच आहे, आणि त्यावर गप्प बसणाऱ्या डाव्यांना मी तेवढंच कडक बोलतो.

मात्र यावरून निष्कर्ष काय काढायचा? जुलूम करणाऱ्याचा झेंडा पाहून जुलूम मोजू नका, एवढाच. क्रिमियाच्या तातारांसाठी कुंपणवाल्यांनी १९४४ मध्ये काय केलं? काहीच नाही, तेव्हा स्टालिन त्यांचे मित्र होते. अफगाण कास्तकाराची त्यांना कळकळ असती, तर १९८९ मध्ये सोव्हिएत फौज परतल्यावर त्यांनी पाठ फिरवली नसती. आपल्या माणसांवरचा जुलूम त्यांनी शस्त्र म्हणून वापरला. त्याला औषध त्यांनी कधी शोधलं नाही.

एक गोष्ट मात्र त्या भीतीच्या काळाबद्दल मान्य करतो. भीती होती तोवर गरिबांची विचारपूस तरी होती. अमेरिकेचा गहू आला, लाल मिलो आली, जिची चव आपल्या आज्ज्या अजून नाक मुरडून सांगतात. हेतू काही असो, पोटात काहीतरी पडलं. सोव्हिएत संघ कोसळला आणि ती विचारपूस संपली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला आले तेव्हा विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत कापूसवाले कास्तकार गळफास घेत होते, आणि अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना भरघोस अनुदान देऊन जगाचा भाव पाडत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढून टाकलं. हिंगणघाटच्या बाजारात ज्याची गाडी उभी आहे त्यानं कुठल्या देवाला मानायचं, हे सांगायला शंभर जण येतील. भावाचं विचारायला कोण येतं?

आजचं कुंपण

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. रोख आहे ‘कडव्या डाव्या’ संघटनांवर. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती, आणि बेकायदा कृत्याची व्याख्या इतकी सैल, की एखादं शांत आंदोलनही तीत बसवता येईल. त्यावर आपल्याकडच्या एका जाणत्या माणसाची प्रतिक्रिया मी कानांनी ऐकली: “बरं झालं, हे लाल लोकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. आपण मध्ये पडू नये.”

हेच ते वाक्य, ज्याच्याविरुद्ध मी हे सगळं लिहितो आहे. ट्रुमननं १९४७ मध्ये जग दोन रंगांत रंगवलं तेव्हाही असंच वाटलं होतं, की हे त्या दुसऱ्यांसाठी आहे. मग मोसाद्देक कम्युनिस्ट ठरले, नासेर कम्युनिस्टांचे मित्र ठरले, कुमारप्पा लाल ठरले. कोण काय आहे हे तो माणूस ठरवत नाही, ज्याच्या हाती वीज आहे तो ठरवतो. आज ‘अर्बन नक्षल’ म्हणून ज्यांना बोल लावले जातात, त्यांच्यातच आपल्या मुलांचे खटले लढणारे वकील आहेत, आपल्या वस्त्यांवर बुलडोझर आला तेव्हा कागद घेऊन धावणारे कार्यकर्ते आहेत. ते आत गेले की आपल्या बाजूनं बोलायला कोण उरणार?

कम्युनिस्ट व्हा, असं मी सांगत नाही. तो तुमचा प्रश्न आहे, आणि त्या पक्षांशी माझेही मतभेद आहेत. मी सांगतो ते एवढंच. पुढच्या वेळी कोणी कट्ट्यावर म्हणालं, की अमुक माणूस नास्तिक आहे, त्याच्यापासून दूर राहा, तर आधी विचारा, तो माणूस मागतोय काय. हमालाला किमान मजुरी मागतोय? जिनिंगमधल्या बाईला पगारी सुट्टी मागतोय? वनजमिनीचा पट्टा, कापसाला भाव, विनाखटला डांबलेल्या पोराला जामीन मागतोय? ती मागणी हक्काची असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहा. त्याचा हिशेब अल्लाह आणि तो पाहून घेतील. मजुरीचा हिशेब मात्र आपल्याला इथेच करायचा आहे.

आणि एखाद्या रविवारी दोघं-तिघं मिळून पवनारला जा, तिथून सेलडोहला जा. या जिल्ह्यातच ज्यांनी जमिनीचा प्रश्न विचारला आणि देवही सोडला नाही, त्यांच्याबद्दल विचारपूस करा. परत आल्यावर तोच वाद पुन्हा घाला. मला खात्री आहे, तुमचं पहिलं वाक्य बदललेलं असेल.